परदेशातील पहिले सत्र आणि विचारायची लाज

मांजराकाठ

गेली दोन वर्षे जून लागला की औसा, निलंगा, उदगीर या भागांतून मला ओळखीच्या आणि अनोळखी मुलांचे फोन येऊ लागतात. कोणाला जर्मनीचा व्हिसा मिळालेला असतो, कोणाचा मिळायचा असतो, पण प्रश्न सगळ्यांचे एकाच पठडीतले असतात: कुकर किती लिटरचा न्यावा, बॅगेत काळा मसाला चालतो का, जाकीट इथून घ्यावे की तिकडे. या प्रश्नांची उत्तरे मी देतो आणि पुढेही देईन. मात्र मी स्वतः जिथे आपटलो त्याबद्दल आजवर एकानेही विचारलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मी औसा तालुक्यातला. अकरावी-बारावी लातूरला केली, अभियांत्रिकीची पदवी नांदेडला घेतली आणि सध्या पूर्व जर्मनीतील एका विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे. येण्याआधीची कागदपत्रे मी चोख केली होती. प्रमाणपत्रांची पडताळणी झाली होती, वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात भरले होते (त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात), आरोग्य विमा आणि वसतिगृहाची खोलीही ठरली होती. त्यामुळे विमानात बसताना अवघड भाग संपला अशीच माझी समजूत होती.

पहिला फटका पत्रपेटीचा बसला. इथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा किंवा वसतिगृहाचा दाखला लागतो. ती नोंदणी मी वेळेत केली. नंतर कर क्रमांकाचे पत्र, विम्याचे कार्ड, बँकेचा गुप्त क्रमांक असे सगळे टपालाने येणार होते, आणि तीन आठवडे काहीच आले नाही. तळमजल्यावरच्या माझ्या पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच होते आणि माझे नाव नसल्यामुळे टपालवाला प्रत्येक पत्र परत पाठवीत होता. आमच्या गावात नुसते "मारुतीच्या पाराजवळ" एवढे लिहिले तरी पत्र घरी पोहोचते, वर पोस्टमन चहा घेऊन जातो. पेटीवर स्वतःचे नाव स्वतःच चिकटवायचे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. शेजारच्या खोलीतल्या मुलाला विचारले असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते.

दुसरा फटका मोठा होता. लातूरच्या शिकवणीत दर रविवारी चाचणी होत असे, सोमवारी यादी लागत असे आणि दोन रविवार गुण घसरले की सर वडिलांना फोन करीत. नांदेडलाही हजेरी आणि अंतर्गत गुणांच्या धाकाने वर्ष ओढले जाई. इथे बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते. तुम्ही आलात का, समजले का, गृहपाठ केलात का, हे कोणी विचारत नाही, आणि अनेक विषयांचा निकाल सत्राच्या शेवटच्या एका पेपरवर लागतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने मला हे स्वातंत्र्य फार आवडले. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मी पाचही विषयांना नाव नोंदवले होते, तेवढ्यावर मी निर्धास्त होतो. विषयाला नाव नोंदवणे वेगळे आणि परीक्षेला नाव नोंदवणे वेगळे, त्याचे संकेतस्थळ निराळे आणि त्याची मुदत डिसेंबरच्या मध्यालाच संपते, हे मला मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी जेवणघरात दोन मुलांच्या बोलण्यातून कळले. दोन विषयांची नोंदणी प्रयोगशाळेच्या निमित्ताने आधीच झालेली होती, तीन विषय हातचे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवच्या लोकांना सांगायला नको की त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात असतात. घरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिकडे दुपारचे साडेबारा आणि माझ्याकडे सकाळचे आठ वाजले होते, आणि खिडकीबाहेर जेमतेम उजाडत होते. आईने फोन फिरवून कडब्याची कोप दाखवली, चुना लावलेले पांडव दाखवले, भज्जीचे पातेले आणि आंबिलीचे मडके दाखवले. मग वडील फोनवर आले आणि त्यांनी विचारले, "परीक्षेचं सगळं नीट झालं ना?" मी "हो" म्हणालो. त्या एका "हो"पायी पुढचे दोन महिने मी घरी फोन करायचे टाळत राहिलो.

शेवटी जानेवारीत एका प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला गेलो. इथे प्रत्येक प्राध्यापकाचा आठवड्यातून असा एक तास राखून ठेवलेला असतो, त्याला श्प्रेखश्टुंडं म्हणतात. मी मनात माफीनामा जुळवून गेलो होतो. त्यांनी तो ऐकूनही घेतला नाही. दिनदर्शिका उघडून यांपैकी कोणता पेपर उन्हाळी सत्रात पुन्हा होतो एवढेच पाहिले आणि मला परीक्षा कार्यालयाच्या खोलीचा क्रमांक लिहून दिला. तीनपैकी दोन पेपर उन्हाळ्यात होते. सगळी भेट सात मिनिटांची झाली.

इतरांनी आपापले अनुभव लिहावेत, आणि ज्यांना यायचे आहे त्यांनी कुकर सोडून इतरही विचारावे.

परभणीचा पालक

आपले लिखाण दोनदा वाचले. माझी मुलगी येत्या सप्टेंबरात जर्मनीला निघणार आहे, म्हणून एका बापाच्या नात्याने विचारतो, राग मानू नये. वडिलांनी सरळ विचारले असताना आपण खोटे का बोललात? पैशांची अडचण असती तर एक वेळ समजले असते.

आमच्याकडेही परिस्थिती बेताचीच आहे. अकरा एकर कोरडवाहू जमीन असून बँकेच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही, कारण २००२ च्या ज्या कायद्याने बँका तारण जप्त करतात तो शेतजमिनीला लागू होत नाही, आणि म्हणून परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला बँक शेतजमीन तारण घ्यायला तयार होत नाही. शेवटी शहरातला राहता प्लॉट तारण दिला. हे सगळे मुलीच्या डोळ्यांसमोर घडले आहे. तिच्यावर दडपण येऊ नये असे आम्हा दोघांना वाटते, पण फोनवर नेमके काय विचारावे हेच कळत नाही.

मांजराकाठ

काका, राग कशाचा. खोटे बोललो याचे कारण आपणच आपल्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे. प्लॉट तारण देताना मुलगी शेजारी बसलेली होती ना? मीही बसलो होतो. सही करताना वडिलांनी चष्मा दोनदा पुसला, हे मला आजही दिसते. ज्याने हे पाहिले आहे त्याच्या तोंडून "तीन विषय हुकले" हे वाक्य सहजासहजी निघत नाही.

फोनवर काय विचारावे हे मी सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास आहे, पण माझ्या वडिलांनी नंतर जे केले ते सांगतो. त्यांनी "अभ्यास कसा चाललाय" हा प्रश्न सोडून दिला, कारण त्याला "चांगला" एवढे एकच उत्तर असते. त्याऐवजी ते "या आठवड्यात कुठे अडलं?" असे विचारू लागले. अडले आहे हे गृहीतच धरलेले असल्यामुळे सांगणे सोपे झाले. कधी कधी अडलेले म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राची चिप चालत नाही एवढेच असे, आणि त्यावरही ते पाच मिनिटे बोलत.

एक खबरदारी मात्र आधीच घ्या. इथे १.० हा सर्वोत्तम गुण असतो, ४.० ला माणूस कसाबसा उत्तीर्ण होतो आणि ५.० म्हणजे नापास. मला पहिल्या पेपरात १.७ मिळाले तेव्हा वडील दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत.

सिंदफणा

मी बीडची. ब्रिटनमध्ये एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करून आता तिथेच नोकरी करते. मांजराकाठ दादांनी लिहिलेले बहुतेक पटले, पण ब्रिटनमध्ये वेळेचे गणित आणखी कठीण आहे. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात, नोव्हेंबरात पहिले लेखी काम द्यावे लागते आणि रुळायला म्हणून वेगळा वेळ मिळतच नाही. जर्मनीत एखादे सत्र लांबले तर निभावते, एक वर्षाच्या अभ्यासक्रमात तेवढी फट नसते.

माझी ठेच वेगळ्या ठिकाणी लागली. आपल्याकडे जर्नल उतरवायला देणे ही मैत्रीची खूण असते. जी देत नाही ती मुलगी आखडू समजली जाते. त्याच सवयीने मी माझा निबंध एका मैत्रिणीला "फक्त बघायला" म्हणून पाठवला. तिने तो बघितला आणि थोडा उचललाही. संगणकप्रणालीने दोन निबंधांतील साम्य दाखवले आणि चौकशी समितीपुढे आम्हा दोघींना बोलावले गेले, कारण तिथल्या नियमानुसार उतरवणारी आणि उतरवू देणारी दोघीही संगनमताच्या दोषी ठरतात. माझे गुण कापले गेले. समितीतील बाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी शेवटी विचारले की संदर्भ कसे द्यावेत याचा मोफत वर्ग ग्रंथालयात दर आठवड्याला असतो, तिथे तुम्ही एकदाही का आला नाहीत? मी काय सांगणार? तो वर्ग "कच्च्या" मुलांसाठी असतो असे मी समजत होते आणि बीडमध्ये मी पहिली येणारी होते.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, तरी पहिल्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवून घ्यावे, ताप चढल्यावर नव्हे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला घराचा स्थानिक कर माफ असतो, पण विद्यापीठाचा दाखला आपणहून द्यावा लागतो, नाहीतर बिल दारात येते. आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करायचे नसते; हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. दुकानदाराने "आज दोन तास जास्त थांब" म्हटले तर नकार द्यावा, कारण व्हिसा आपला जातो, त्याचे काही जात नाही.

मांजराकाठ

ताईंनी कामाचा विषय काढला म्हणून जर्मनीचेही लिहितो. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पहिल्या सत्रात काम धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गोदामात रात्रपाळी करून सकाळच्या व्याख्यानात पेंगणारी हुशार मुले मी पाहिली आहेत.

आणि नको नको म्हणता स्वयंपाकाकडे आलोच आहे, तर एकदाच सांगून टाकतो. तूप, पेढे, खवा आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. इथल्या दुकानात बुटरश्माल्ट्स नावाने कढवलेले लोणी मिळते, ते तुपाची जागा बऱ्यापैकी भरून काढते. ज्वारीचे पीठ भारतीय दुकानांत मिळते. विजेच्या शेगडीला जाळ नसल्यामुळे भाकरी आरावर फुगवता येत नाही, पण तवा चांगला तापू देऊन दुसऱ्या बाजूने फडक्याने कडेकडेला दाबत गेले की पापुद्रा सुटतो. माझी पहिली साताठ भाकरी म्हणजे निव्वळ पापडच होते.

फोडणी मात्र जपून करा. डिसेंबरातल्या एका रात्री मोहरी आणि वाळल्या मिरचीचा ठसका झाला म्हणून मी स्वयंपाकघराचे दार बोळाच्या बाजूने उघडले. खिडकी उघडायला हवी होती, कारण बोळातला धूरसूचक थेट अग्निशमन दलाशी जोडलेला होता. पाच मजल्यांवरची मुले गोधड्या-ब्लँकेटे पांघरून बर्फात उभी राहिली आणि हेल्मेट घातलेला एक जवान माझ्या कढईत वाकून पाहू लागला. त्याने कढईतले काय आहे ते विचारले. मी "वरण" म्हणालो. त्या रात्रीनंतर त्या इमारतीत मला न ओळखणारा कोणी उरला नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या बऱ्याच ओळखी त्या फोडणीमुळेच झाल्या.

कोरडवाहू

चर्चा छान चालली आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. लातूर पॅटर्नच्या माथी सगळे खापर फोडायची पद्धत अलीकडे पडली आहे. मीही त्याच शिकवण्यांतून गेलो आणि म्युनिकजवळ शिकलो. सहा-सहा तास एका जागी बसून प्रश्नसंच सोडवायची जी सवय तिथे लागली, तिच्याच जोरावर मी इथले पेपर काढले. जर्मन मुले मला विचारायची की एवढा वेळ बसवते कसे. इथेही विद्यार्थी मंडळाकडे मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. त्या सोडवण्यात आपला हात कोण धरणार?

मांजराकाठ

आक्षेप बराचसा मान्य. बैठक त्या शिकवणीनेच दिली, ते मी लिहायला हवे होते. माझे म्हणणे एवढेच की प्रश्नसंच आपल्या हातात आणून देणारा माणूस तिथे होता. त्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी मंडळाकडे असतात, हे आपल्याला कसे कळले?

कोरडवाहू

एका सिनियर मुलाला विचारले.

(लिहिल्यावर लक्षात आले की मी आपल्याच बाजूचा पुरावा दिला. असो.)

जुना मास्तर

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो, निवृत्त आहे, आणि माझे स्वतःचे शिक्षण मिलिंद महाविद्यालयात झाले. ज्यांनी ते महाविद्यालय १९५० साली या शहरात उभे केले, त्या बाबासाहेबांच्या परदेशातील विद्यार्थिदशेबद्दल आम्हाला शिक्षक पुष्कळ सांगत; पण ते सांगताना पदव्यांची यादी सांगत, अडलेल्या जागा क्वचितच सांगत. त्या जागा या धाग्यावर नोंदवाव्याशा वाटतात.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तीन वर्षे इथे नोकरी करून, शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने पैसे घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंधही पहिल्या फेरीत तसाच स्वीकारला गेला नाही. १९२३ साली परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा द्यायला सांगितले आणि त्यांनी तो पुन्हा सादर केल्यावर त्याच वर्षी पदवी मिळाली. लंडनमध्ये ते १९२१-२२ च्या सुमारास ज्या घरात राहत होते ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आहे. जे विद्यार्थी लंडनला आहेत त्यांनी एखाद्या रविवारी जाऊन यावे.

परभणीच्या पालकांना एक सुचवतो. मुलीला निघण्यापूर्वी एखादे सरकारी काम एकटीने करू द्या. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायचा असेल तर आपण बाहेर टपरीवर बसा. खिडकीशी उभे राहून अनोळखी माणसाला तीनदा विचारण्याची सवय इथेच झालेली बरी.

उमरगेकर

बरेच दिवस वाचत होतो, आज लिहितो. मी गेल्या ऑक्टोबरात आलो. एका विषयात दोनदा नापास झालो आहे. आमच्या विद्यापीठात तीनच संधी मिळतात आणि तिसऱ्यांदा नापास झालो तर तो अभ्यासक्रम जर्मनीत पुन्हा कुठेच करता येणार नाही, असे मुले म्हणतात. घरी अजून सांगितलेले नाही. झोप लागत नाही. तिसऱ्या परीक्षेला नाव नोंदवले आहे, पण त्या दिवशी जाऊच नये असे वाटते.

मांजराकाठ

भावा, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. न सांगता गैरहजर राहिलास तर ती संधी नापास म्हणूनच मोजली जाते. नाव मागे घ्यायचे असेल तर त्याला मुदत असते आणि बहुतेक ठिकाणी त्या मुदतीत कारण न देता मागे घेता येते. तुझ्या विद्यापीठाची तारीख आजच पाहा. आजारी असशील तर डॉक्टरचा दाखला लगेच परीक्षा कार्यालयात द्यावा लागतो, नंतर दिलेला चालेल याचा भरवसा धरू नकोस.

आता मागच्या दोन पेपरांकडे ये. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याची सोय इथे असते, त्यासाठी एक दिवस ठरवतात. आपल्याकडे फेरतपासणी म्हणजे प्राध्यापकाशी भांडण, अशी समजूत असल्यामुळे आपली मुले त्या दिवशी जातच नाहीत. मी माझा एक पेपर पाहिला तेव्हा कळले की उत्तरे बरोबर होती, पण मधल्या पायऱ्या गाळल्यामुळे गुण गेले होते. हे पाहिल्याशिवाय तिसऱ्यांदा बसणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी मारणे आहे. पाहण्याचा दिवस हुकला असेल तर सहायकाला ईमेल लिही आणि भेटीची वेळ माग.

झोपेबद्दल. विद्यार्थी सेवा संस्थेकडे मानसिक सल्ला केंद्र असते, तिथे पैसे पडत नाहीत आणि विद्यापीठाला काही कळवले जात नाही. मी चार वेळा गेलो होतो. हे आजवर कुठे लिहिले नव्हते.

परभणीचा पालक

उमरग्याच्या चिरंजीवांस, मी आपल्याला ओळखत नाही, पण आपल्या वडिलांच्या जागी मी आहे असे समजा. आमच्यासारख्या माणसाला प्लॉट गेल्याचे दुःख होईल, नाही असे नाही. पण लेकरू झोपत नाही आणि आपल्याला ते माहीत नाही, हे त्याहून सोसवणार नाही. आज रविवार आहे, आपल्याकडचे लोक दुपारी घरीच असतात. फोन करा.

उमरगेकर

काका, केला. आधी आई रडली, मग वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारले की तिसऱ्या पेपराला किती दिवस आहेत. सदतीस आहेत.

सहायकाला ईमेलही केला होता. उत्तरपत्रिका दाखवतो म्हणाले आहेत, गुरुवारी दोन वाजता. मांजराकाठ दादा, इथे व्याख्याने पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतात, तसे याचेही असते का? म्हणजे सव्वादोनला गेलो तर चालेल का?

मांजराकाठ

नाही. ती पंधरा मिनिटांची सवलत फक्त व्याख्यानांना आहे. भेटीला दोन म्हणजे दोनच. पावणेदोनला दारापाशी पोहोच, सोबत ओळखपत्र घे, आणि कोणत्या पायरीला किती गुण होते ते प्रत्येक प्रश्नाखाली विचारून लिहून घे.